निश्चित पावसाचा विभाग

कृषिशास्त्राने हवामान आणि जमीन पाहून महाराष्ट्राचे नऊ विभाग पाडले आहेत. त्यांपैकी ज्या विभागात हिंगोली जिल्हा मोडतो, त्याला 'निश्चित पावसाचा विभाग' म्हणतात. वर्षाकाठी सातशे ते नऊशे मिलिमीटर पाऊस, हा या नावाचा आधार. सरासरीच्या हिशेबात ते नाव खोटे नाही. मात्र कयाधू-पूर्णेच्या खोऱ्यातील जुन्या घरांची बांधणी, धान्य साठवण्याची रीत आणि चुलीपुढची काटकसर पाहिली, की या निश्चितीवर तिथल्या कुटुंबांनी कधीच विसंबून राहिलेले नाही हे ध्यानात येते. शासनाने पाऊस मोजला; कुटुंबाने त्याचा लहरीपणा गृहीत धरून संसार मांडला. या दुसऱ्या मांडणीचा इतिहास आपल्याकडे फारसा लिहिला गेलेला नाही.

याचे एक कारण कागदपत्रांत आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तिथला महसूल फसली सनाप्रमाणे चाले. 'फसली' हा शब्दच पिकावरून आलेला. पुढे हा भाग परभणी जिल्ह्यात राहिला आणि १ मे १९९९ रोजी हिंगोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. राजवटी बदलल्या, तरी सरकारी कागदाला सारा किती आला किंवा पैसेवारी किती निघाली एवढेच विचारायचे असते. पाऊस कोणत्या आठवड्यात आला, हा प्रश्न त्याच्या कक्षेबाहेरचा. घराच्या दृष्टीने मात्र सगळे त्या आठवड्यावरच अवलंबून असते. मृगात पेरा साधला आणि नंतर तीन आठवडे उघडीप पडली, तर दुबार पेरणी येते. श्रावणात झड लागली, की उडीद-मूग शेंगेतच उगवतात. ज्वारी कणसात भरल्यावर पाऊस आला, तर दाणा काळा पडतो. आणि वर्षअखेरीस पर्जन्यमापकावरची बेरीज आठशे मिलिमीटरच भरते!

म्हणूनच घराने आपली कालगणना नक्षत्रांवर ठेवली. या कालगणनेतील शब्द पाहण्यासारखे आहेत. मृगाचा 'मिरग' झाला. पुनर्वसूचा 'तरणा पाऊस' आणि पुष्याचा 'म्हातारा पाऊस' झाला. पावसाला वय देणारी ही भाषा त्याला घरातल्या माणसासारखे वागवते. त्याचा स्वभाव ओळखायचा, त्याची वाट पाहायची, त्याच्यावर रुसायचे. पण त्याच्याकडून हमी मागायची नाही.

तीच जाणीव घराच्या बांधणीत आहे. जाड भिंतींचे धाब्याचे घर उन्हाळ्यात थंड राहते, पण झडीत गळते. म्हणून मिरगाआधी धाब्यावर पांढरी माती टाकून ती बसवायची, हे दरवर्षीचे काम. गोवऱ्या, पऱ्हाट्या आणि तुराट्या कोरड्या जागी रचून ठेवायच्या, हे दुसरे. चार-पाच दिवस झड लागली, की सरपण ओले होणे म्हणजे घर उपाशी राहणे. पावसाळ्याच्या या पूर्वतयारीचा मोठा वाटा बायकांच्या हातचा असे आणि त्याची नोंद कुठल्याही दप्तरात सापडत नाही.

धान्याच्या बाबतीत ही व्यवस्था अधिक खोलवर जाते. ज्वारी हे केवळ एक पीक नव्हते. दाणा माणसांना आणि कडबा जनावरांना, अशी एकाच ताटावर दोन्ही तोंडे जगत. ज्वारीत तुरीच्या ओळी, कडेला तीळ आणि अंबाडी. एक गेले तर दुसरे हाती लागावे, ही त्यामागची दृष्टी. सुगी झाली की पेव, बळद, कणगी भरायची. बियाणे राखेत घोळून, कडुलिंबाचा पाला घालून वेगळे ठेवायचे आणि कितीही अडचण आली तरी त्याला हात लावायचा नाही. भाकरी करायची की कण्या शिजवायच्या, हा निर्णय कणगीच्या तळाकडे पाहून होई.

या व्यवस्थेचे गुणगान करताना सावध राहिले पाहिजे. बळद वाड्यात असे. सालगड्याच्या आणि भूमिहीनाच्या झोपडीत नसे. त्यांच्यासाठी वाईट वर्ष म्हणजे दिडीने घेतलेले धान्य: एक पोते न्यायचे आणि सुगीला दीड पोते परत करायचे. भरल्या घरातही सर्वांची भूक सारखी नव्हती. आधी पुरुष, मग मुले आणि उरले तर घरधनीण, या क्रमामुळे तुटीचा पहिला भार नेमका कोणावर पडे हे सांगायला नको. अवर्षणाची झळ कुटुंबाच्या आत कशी वाटली गेली, हा कळीचा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर आकडेवारीत मिळत नाही. ते काही अंशी जात्यावरच्या ओव्यांत मिळते. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी महाराष्ट्रभरातून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. पाऊस, पेरणी, भावाचे शेत, माहेरची वाट हे विषय ओव्यांत एकमेकांत गुंतून येतात. सासुरवाशिणीच्या दृष्टीने भावाच्या शेतावरचा पाऊस ही हवामानाची बाब नव्हतीच. सणाला मुऱ्हाळी येणार की नाही, हे त्यावर ठरत असे.

१९७२ साली ही सारी व्यवस्था एकदम उघडी पडली. आधीच्या दोन तुटीच्या वर्षांनी पेवे रिती केली होती. हातात पैसा असूनही धान्य मिळेना, ही त्या दुष्काळाची आठवण आजही वृद्धांच्या बोलण्यात येते. परदेशी लाल मिलो आणि दुष्काळी कामावरची सुकडी घराघरांत पोचली. मे १९७३ च्या सुमारास राज्यभर जवळपास पन्नास लाख माणसे खडी फोडण्याच्या, रस्त्यांच्या आणि पाझर तलावांच्या कामांवर होती. त्यांत स्त्रियांची संख्या मोठी होती. एरवी उंबऱ्याआड निभावून नेली जाणारी तूट प्रथमच इतक्या मोठ्या प्रमाणात हजेरीपटावर आली. १९७७ चा रोजगार हमी कायदा त्यातूनच उभा राहिला. 'हमी' हा शब्द येथे लक्षात घ्यावा: पावसाने न दिलेली हमी राज्याने देऊ केली.

त्यानंतरच्या बदलांची दिशा सर्वांना ठाऊक आहे. पूर्णा प्रकल्पाचे पाणी मिळालेल्या वसमत भागात हळदीने नाव कमावले. कोरडवाहू शिवारात ज्वारी मागे पडून सोयाबीन आले. सोयाबीनने रोख पैसा दिला हे नाकारता येत नाही. पण ते कणगीत भरून घर वर्षभर जगत नाही आणि ज्वारीसारखा कडबाही देत नाही. भाकरीची जागा बऱ्याच अंशी रेशनच्या गहू-तांदळाने घेतली. पाऊस मात्र पूर्वीसारखाच राहिला, किंबहुना अधिक लहरी झाला. फेब्रुवारी-मार्च २०१४ मध्ये गारपिटीने मराठवाड्यातील काढणीला आलेला रब्बी हंगाम झोडपला. सप्टेंबर २०२४ च्या आरंभी अतिवृष्टीने हिंगोलीतील उभे सोयाबीन पाण्याखाली गेले. पूर्वी ही अनिश्चितता कणगीत शोषली जाई, अपुरी आणि विषम रीतीने का होईना. आता ती कृषी केंद्राच्या उधारीत, पीक कर्जात, लांबणीवर पडलेल्या मुलीच्या लग्नात आणि दसऱ्यानंतर ऊसतोडीला निघणाऱ्या बिऱ्हाडांत उतरते. तुटीचे ठिकाण बदलले; ती सोसणारी माणसे बव्हंशी तीच राहिली.

साहित्याच्या अभ्यासकांना येथे करण्यासारखे काम आहे. वसमत तालुक्यातील रिढ्याचे कवी इंद्रजित भालेराव यांचा 'पीकपाणी' हा संग्रह १९८९ सालचा. शीर्षकातच पीक आणि पाणी जोडून येतात. अशा कवितेला 'ग्रामीण' हे लेबल लावून आपण मोकळे होतो. तिच्याकडे कुटुंबाच्या इतिहासाचे साधन म्हणून क्वचितच पाहतो. बळद, दिडी, झड, मुऱ्हाळी हे शब्द आज वर्गातल्या मुलांना शब्दार्थ म्हणून सांगावे लागतात. त्यांतला प्रत्येक शब्द म्हणजे बेभरवशाच्या पावसाशी कुटुंबाने केलेला एकेक करार होता. ते करार कोणी केले, कोणाच्या भुकेवर पाळले गेले आणि कधी मोडले, हे समजून घेतल्याशिवाय या जिल्ह्याचा इतिहास पुरा होणार नाही. पर्जन्यमापकाची नोंद कार्यालयात सुरक्षित आहे. कणगीची नोंद ज्यांना तोंडपाठ आहे, ती पिढी आता ऐंशीच्या घरात आहे.