मनगटातली दबलेली नस आणि जीवनसत्त्वांची इंजेक्शने

१. प्रश्न काय आहे

रात्री दोन-अडीचच्या सुमारास हाताला मुंग्या येऊन जाग येते. हात झटकला, पलंगाखाली लोंबता सोडला की थोडे बरे वाटते. दिवसा लोकलमध्ये कडी धरून उभे राहिले किंवा फोन कानाला लावून दहा मिनिटे बोलले, की बोटे पुन्हा बधिर होतात. मुंबईच्या अंधेरी ते बोरिवली आणि घाटकोपर ते मुलुंड या पट्ट्यातल्या फॅमिली डॉक्टरांना ही तक्रार नवी नाही. पोळी-भाजी केंद्रावर दिवसभर लाटणे चालवणाऱ्या बाया, अंधेरीच्या सीप्झ औद्योगिक क्षेत्रात दागिन्यांत खडे बसवणारे कारागीर, शिवणकाम करणारे आणि रस्त्यावर ड्रिल मशिन धरणारे मजूर ही तक्रार घेऊन येतात. पुष्कळदा पहिला उपाय म्हणून ‘नसेच्या ताकदीची’ इंजेक्शने सुरू होतात. एक दिवसाआड एक, अशी पाच किंवा दहा.

या इंजेक्शनांत बी-१२ म्हणजे मिथाइलकोबालामिन असते, आणि अनेकदा त्यासोबत बी-६ म्हणजे पायरिडॉक्सिन व इतर ब-जीवनसत्त्वे असतात. मनगटात नस दबल्याने होणाऱ्या कार्पल टनेल सिंड्रोम या विकारावर ती खरोखर उपचार ठरतात का, हे तपासणे हा या विवेचनाचा हेतू आहे.

२. मनगटात नेमके काय घडते

मनगटाच्या तळहाताकडील बाजूला एक अरुंद बोगदा आहे. त्याची जमीन आणि भिंती मनगटाच्या छोट्या हाडांनी बनतात, तर छत एका जाड, न ताणल्या जाणाऱ्या आडव्या पट्ट्याने. या बोगद्यातून बोटे मिटवणाऱ्या नऊ कंडरा आणि एक नस जाते. त्या नसेचे नाव मीडियन नर्व्ह. अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेचा अंगठ्याकडील अर्धा भाग यांची संवेदना तिच्याकडे असते. अंगठा तळहातापासून वर उचलणारा स्नायूही तिच्याच हुकमतीत असतो.

कंडरांभोवतीचे आवरण सुजले की बोगद्यातली जागा कमी होते आणि दाब वाढतो. १९८१ साली अमेरिकेत रिचर्ड गेल्बरमन आणि सहकाऱ्यांनी हा दाब प्रत्यक्ष मोजला. निरोगी मनगटात तो सरासरी अडीच मिलिमीटर पारा भरला, रुग्णांच्या मनगटात ३२. रुग्णांनी मनगट पुढे वाकवले तेव्हा तो ९४ वर गेला, मागे वाकवले तेव्हा ११० वर. झोपेत आपण मनगट नकळत दुमडून ठेवतो, म्हणून हा त्रास रात्री उसळतो.

एवढ्या दाबाखाली नसेतल्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांचा प्रवाह आधी मंदावतो. दाब महिनोन्‌महिने टिकला तर नसेवरचे मायलिनचे वेष्टन झिजते, आणि शेवटी आतले तंतूच मरतात. पुढचे सगळे विवेचन एका गोष्टीवर उभे आहे : या विकाराचे मूळ दाबात आहे.

३. निदान : बोटे काय सांगतात

हातातल्या सगळ्याच मुंग्या मनगटातून येत नाहीत. मानेच्या मणक्यातली दबलेली नस, मधुमेहातला नसांचा विकार आणि बी-१२ ची कमतरता यांतही मुंग्या येतात. फरक ओळखण्याच्या खुणा हातावरच असतात.

करंगळी शाबूत असते, कारण तिची नस वेगळी आहे. अनामिकेचा एक अर्धा बधिर आणि दुसरा जागा असेल, तर ती मीडियन नर्व्हची जवळजवळ सही समजावी. तळहाताच्या अंगठ्याकडील भागाला संवेदना देणारी फांदी बोगद्याच्या बाहेरून जाते, त्यामुळे बोटे बधिर झाली तरी तो भाग सहसा जागा राहतो. दोन्ही हातांच्या पाठी एकमेकींना टेकवून मनगटे साठ सेकंद वाकवून धरली आणि त्याच बोटांत मुंग्या उठल्या, तर संशय बळावतो. या चाचणीला फेलन चाचणी म्हणतात.

बी-१२ ची कमतरता वेगळ्या वाटेने येते. तिच्यात मुंग्या बहुधा दोन्ही पायांच्या तळव्यांपासून सुरू होतात आणि हळूहळू वर चढतात. अंधारात चालताना तोल जातो, जीभ लाल आणि गुळगुळीत होते, थकवा येतो. एका हाताची साडेतीन बोटे निवडून बधिर करणे हे जीवनसत्त्वाच्या कमतरतेचे लक्षण नाही. शंका उरलीच तर नर्व्ह कंडक्शन तपासणी करतात. नसेतून विद्युतसंदेश किती वेगाने जातो आणि तो मनगटापाशी अडखळतो का, हे तिच्यातून कळते.

४. पूर्वपक्ष : इंजेक्शनांच्या बाजूचा युक्तिवाद

जीवनसत्त्वांचा आग्रह हवेतून आलेला नाही. टेक्सासमधील डॉक्टर जॉन एलिस आणि रसायनशास्त्रज्ञ कार्ल फोकर्स यांनी १९७० च्या दशकात असा सिद्धांत मांडला, की कार्पल टनेल सिंड्रोम हा बी-६ च्या कमतरतेतून होणारा विकार आहे. फोकर्स साधे नाव नव्हे. मर्क कंपनीत १९४८ साली बी-१२ शुद्ध रूपात वेगळे करणारा गट त्यांच्या नेतृत्वाखाली होता. बी-६ दिल्यावर रुग्ण सुधारले आणि शस्त्रक्रिया टळल्या, असे या दोघांनी १९८२ साली प्रसिद्ध केले.

बी-१२ च्या बाजूचा युक्तिवाद जास्त भक्कम आहे. मायलिन घडवायला आणि टिकवायला हे जीवनसत्त्व लागते. दबलेल्या नसेचे मायलिनच झिजते, तर ते पुरवायला नको का? शिवाय १९७३ साली अप्टन आणि मॅककोमास यांनी ‘दुहेरी दाबा’ची कल्पना मांडली : जी नस एका ठिकाणी आधीच दुबळी झाली आहे, ती दुसऱ्या ठिकाणचा थोडा दाबही सोसू शकत नाही. मग कमतरतेने दुबळी झालेली नस मनगटात लवकर हार मानत असेल, असे म्हणता येते.

५. परीक्षण : बी-६

एलिस आणि फोकर्स यांचे रुग्ण थोडे होते. इतरांनी तुलनेसाठी निर्गुण गोळी ठेवून प्रयोग केले तेव्हा ती सुधारणा टिकली नाही. कॅनडात १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रोज २०० मिलिग्रॅम बी-६ बारा आठवडे दिले. रात्रीचे दुखणे, बधिरपणा आणि मुंग्या यांत निर्गुण गोळीपेक्षा फरक पडला नाही. अमेरिकेतल्या कारखाना-कामगारांच्या १९९६ मधल्या पाहणीत रक्तातले बी-६ आणि या विकाराची लक्षणे यांचा संबंधच आढळला नाही. उपलब्ध चाचण्या एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २००३ मधल्या समीक्षेनेही बी-६ चा लक्षणीय फायदा नसल्याचेच नोंदवले.

बी-६ ची कमतरता आपल्याकडे सर्रास आढळतही नाही. केळी, हरभरा, बटाटा यांतून ते मिळते. एक अपवाद मुंबईच्या संदर्भात महत्त्वाचा आहे. क्षयरोगावरचे आयसोनियाझिड हे औषध बी-६ चे काम अडवते, म्हणून ते घेणाऱ्यांना पायरिडॉक्सिनची गोळी जोडून देतात. ती योग्यच आहे आणि बंद करू नये. पण तिचा हेतू औषधामुळे होणारा नसांचा विकार टाळणे हा आहे, मनगटातला दाब उतरवणे हा नाही.

६. परीक्षण : बी-१२

इथे आपल्या प्रदेशाचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी पुणे परिसरातल्या ४४१ मध्यमवयीन पुरुषांचे रक्त तपासले. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ६७ टक्क्यांमध्ये बी-१२ कमी निघाले, आणि शाकाहाऱ्यांमध्ये हा धोका मांसाहार करणाऱ्यांपेक्षा बराच जास्त होता. घाटकोपर, मुलुंड, बोरिवली या उपनगरांत पिढ्यान्‌पिढ्या शाकाहारी असलेली जैन, गुजराती आणि मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. मधुमेहावरचे मेटफॉर्मिन वर्षानुवर्षे घेणाऱ्यांचे बी-१२ आणखी घटते. म्हणून या भागातला डॉक्टर बी-१२ चा विचार करतो यात चूक काहीच नाही. चूक होते ती त्या विचारापाशीच थांबण्यात.

समजा, मुलुंडमधली बावन्न वर्षांची शाकाहारी गृहिणी मधुमेहासाठी मेटफॉर्मिन घेते आहे आणि तिच्या उजव्या हाताची बोटे रात्री बधिर होतात. तिचे बी-१२ कमी निघण्याची शक्यता खरी आहे. पण मधुमेह स्वतःच कार्पल टनेल सिंड्रोमला आमंत्रण देतो, आणि या वयात स्त्रियांमध्ये हा सिंड्रोम पुरुषांपेक्षा जास्त दिसतो. तिला दोन्ही विकार एकाच वेळी असू शकतात. कमतरतेमुळे पायांची जळजळ किंवा थकवा असेल तर तो बी-१२ ने कमी होईल, पण मनगटातला आडवा पट्टा सैल होणार नाही. एका कारणाचा इलाज झाला म्हणून दुसरे मिटले असे मानले, तर तिचे मोलाचे महिने वाया जातात.

ज्याच्यात कमतरता नाही, अशा रुग्णाच्या कार्पल टनेल सिंड्रोमवर बी-१२ ची इंजेक्शने गुणकारी असल्याचे कोणत्याही मोठ्या, नीट आखलेल्या चाचणीने दाखवलेले नाही.

७. मग इंजेक्शनांनी बरे का वाटते

रुग्णाचा अनुभव खोटा नसतो. त्याची कारणे मात्र वेगळी असतात. हा विकार मुळातच चढउताराचा आहे. रुग्ण दवाखान्यात येतो तो त्रास शिगेला पोहोचल्यावर, आणि त्यानंतरचा उतार बहुधा आपोआप येतो. सौम्य रुग्णांतले बरेच जण काही महिन्यांत विनाउपचार सुधारतात. गरोदरपणात झालेला त्रास बहुधा बाळंतपणानंतर ओसरतो. इंजेक्शनांच्या काळात हाताला विश्रांती मिळते, सोबत वेदनाशामक गोळी असते. कमतरता असेल तर ती भरून निघाल्याने एकूण तब्येतच सुधारते. या सगळ्याचे श्रेय सुईला मिळते. म्हणूनच निर्गुण औषधाशी तुलना केल्याशिवाय कोणत्याही उपचाराचा निवाडा करता येत नाही.

८. अपाय : ‘जीवनसत्त्वच आहे, काय बिघडते?’

बिघडू शकते. बी-६ चा अतिरेक नसांनाच मारतो. रोज दोन ते सहा ग्रॅम बी-६ घेणाऱ्या सात जणांच्या हातापायांची संवेदना गेल्याचे शॉमबर्ग आणि सहकाऱ्यांनी १९८३ साली नोंदवले. त्यापेक्षा पुष्कळ कमी मात्रा दीर्घकाळ घेतल्यानेही असा विकार झाल्याचे पुढे दिसले. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२३ साली प्रौढांसाठी बी-६ ची सुरक्षित कमाल मर्यादा दिवसाला १२ मिलिग्रॅम ठरवली. आपल्याकडच्या मिश्र इंजेक्शनांत एका वेळी १०० मिलिग्रॅम असणे नवलाचे नाही. पाच-दहा इंजेक्शनांनी नस मरते असे नाही. पण दर दोन-तीन महिन्यांनी कोर्स, मध्ये रोजच्या गोळ्या, असा क्रम वर्षे चालला तर ज्या मुंग्यांसाठी औषध घेतले, त्याच मुंग्या औषधाने वाढू शकतात.

दुसरा अपाय तपासणीचा. आधी इंजेक्शन आणि नंतर रक्त, असा क्रम केला तर अहवालात बी-१२ भरपूर दिसते आणि मूळ कमतरता होती की नाही हे कळतच नाही. रक्त नेहमी इंजेक्शनाच्या आधी द्यावे.

तिसरा अपाय सर्वांत मोठा आणि तो वेळेचा आहे : इंजेक्शने चालू असताना नस दबलेलीच राहते. दोन्ही तळहात उजेडात शेजारी-शेजारी धरून पाहावेत. एका हाताच्या अंगठ्याखालचा मांसल उंचवटा सपाट झाला असेल, तर स्नायू झडू लागला आहे. तिथवर पोहोचलेली नस शस्त्रक्रियेनंतरही पूर्ण सावरेल याची खात्री नसते. खडे बसवणाऱ्या कारागिराची चिमटीच गेली तर त्याची रोजीरोटीही जाते.

९. सिद्ध झालेले उपाय

पहिला उपाय म्हणजे रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा. तो दाबावरच काम करतो. किमान सहा आठवडे तो रोज रात्री बांधावा.

दुसरा उपाय बोगद्यालगत स्टिरॉइडचे इंजेक्शन. इंग्लंडमधील २०१८ च्या एका चाचणीत सहा आठवड्यांनी ते पट्ट्यापेक्षा सरस ठरले, पण सहा महिन्यांनी दोन्ही सारखेच निघाले. स्वीडनमधील २०१३ च्या चाचणीत ८० मिलिग्रॅम स्टिरॉइड घेतलेल्यांपैकी ७३ टक्क्यांना वर्षभरात शस्त्रक्रिया करावी लागली, तर निर्गुण इंजेक्शन घेतलेल्यांपैकी ९२ टक्क्यांना. आराम खरा आहे, पण अनेकदा तात्पुरता. मधुमेह्यांची साखर त्याने काही दिवस वाढते, हे आधी सांगायला हवे.

तिसरा उपाय शस्त्रक्रिया. साध्या स्थानिक भुलीखाली आडवा पट्टा कापून बोगदा मोकळा करतात. नेदरलँड्समधील २००२ च्या चाचणीत अठरा महिन्यांनी शस्त्रक्रिया झालेले ९० टक्के आणि सुरुवातीला पट्टा दिलेले ७५ टक्के रुग्ण बरे होते. म्हणजे पट्टाही कमी मोलाचा नाही. पण बधिरपणा कायम राहू लागला किंवा स्नायू झडू लागला, तर वाट पाहू नये.

बी-१२ ची कमतरता सिद्ध झाली तर ती जरूर भरून काढावी. पोटातल्या नेहमीच्या वाटेने ते शोषले जात नसले, तरी मोठ्या मात्रेच्या गोळीतला सुमारे एक टक्का आतड्यातून थेट रक्तात जातो. त्यामुळे अनेकांना रोजची गोळीही पुरते. नसांचा विकार गंभीर असेल तेव्हा इंजेक्शनच योग्य. त्यासोबत थायरॉइड आणि साखर तपासावी, कारण या विकारामागे ही दोन्ही कारणे वारंवार सापडतात.

१०. निष्कर्ष

जीवनसत्त्वाचे इंजेक्शन कमतरता दूर करते, दाब दूर करत नाही. कार्पल टनेल सिंड्रोमवरचा उपचार म्हणून बी-६ निरुपयोगी ठरले आहे आणि बी-१२ सिद्ध झालेले नाही. डॉक्टरांनी सुई उचलण्याआधी रुग्णाची करंगळी आणि अनामिका तपासावी, अंगठ्याखालचा उंचवटा पाहावा आणि रक्त घ्यावे. रुग्णांनीही विचारावे : माझी नस दबली आहे की माझ्यात काही कमी आहे? या प्रश्नाचे उत्तर मिळेपर्यंत रात्री मनगटाला पट्टा बांधावा. आणि बोटांचा बधिरपणा दिवसाही जात नसेल, तर इंजेक्शनांचा पुढचा कोर्स घेण्याआधी नर्व्ह कंडक्शन तपासणी करून घ्यावी.