मृत्यू, अपघात आणि गुन्ह्याची खबर: कोणी, कुठे द्यायची

पैनगंगेपलीकडे आपल्या सोयऱ्यांच्या गावी पोलीस पाटील असतो. कोणी विहिरीत पडले, फास घेतला, बेवारस प्रेत सापडले, की त्याला सांगायचे. आपल्याकडची निजामकाळापासूनची पटेल-पटवारी पद्धत १९८४ साली बंद झाली. ‘पटेल’ हे नाव घराण्यांना चिकटून राहिले, अधिकार राहिला नाही. म्हणून नुसते पटेलांच्या कानावर घालून भागत नाही.

१ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३४ प्रमाणे गावात राहणाऱ्या प्रत्येकाने आकस्मिक, अनैसर्गिक किंवा संशयास्पद मृत्यूची माहिती जवळच्या पोलीस ठाण्याला ताबडतोब द्यायची असते. कलम ३३ खून, दरोडा अशा गंभीर गुन्ह्यांबाबत हीच जबाबदारी शहरात राहणाऱ्यांवरही टाकते. गुन्हा दुसऱ्या हद्दीत घडला असला तरी कोणत्याही ठाण्याला खबर घ्यावी लागते.

खरी चूक होते ती अंत्यसंस्काराच्या घाईत. पोस्टमॉर्टेम नको, पोलीस दारात नकोत, म्हणून सकाळच्या आत सर्व उरकले जाते. बँकेत असताना अशी कुटुंबे नंतर आमच्या टेबलासमोर बसलेली आम्ही पाहिली आहेत. प्रधानमंत्री सुरक्षा बीमा योजनेचे २ लाख रुपये अपघाती मृत्यूलाच मिळतात, आणि रस्ता अपघात किंवा बुडून मृत्यू असेल तर पोलिसांत नोंद लागते. साप चावल्यास त्याच वेळचा दवाखान्याचा कागद लागतो. आधी मांत्रिकाकडे नेले तर तो कागदही हाती राहत नाही. शेतकऱ्यांच्या रयतु बीमाचे ५ लाख मात्र मृत्यू कोणत्याही कारणाने झाला तरी मिळतात. आत्महत्या लपवून घरच्यांचा काही फायदा नाही.

मृत्यूची नोंद २१ दिवसांत करावी. घरी मृत्यू झाल्यास कुटुंबप्रमुखाने गावात पंचायत सचिवाकडे, शहरात नगरपालिकेत कळवावे; दवाखान्यात झाल्यास दवाखाना कळवतो. नोंद मृत्यू जिथे झाला तिथेच होते. नागपूर किंवा यवतमाळला उपचार घेताना माणूस गेला तर दाखला तिकडचाच, आदिलाबादला खेटे घालून उपयोग नाही. नाव आधारप्रमाणेच लिहून घ्यावे. आपल्याकडे वडिलांचे नाव मधे, तेलुगू रीतीत घराण्याचे नाव आधी. यात बरेच दाखले अडकतात. एक वर्ष उलटले की दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय नोंद होत नाही.

हमरस्त्यावर आपल्या गाडीने कोणी जखमी झाले तर चालकाने उपचाराची सोय करून जास्तीत जास्त २४ तासांत ठाण्यात कळवावे. जखमीला उचलून नेणाऱ्या तिऱ्हाइताला मात्र नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही.

लहान मुलांवरील लैंगिक अत्याचार घरच्या बैठकीत मिटवण्याची रीत अजून आहे. पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे ज्याला हे कळले त्या प्रत्येकाने पोलिसांना सांगितलेच पाहिजे, मग तो काका असो, शिक्षक असो वा शेजारी. न सांगणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचे कृत्य दडवले तर एक वर्षापर्यंत.