तीन व्होल्टची आठवण

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. शुक्रवारची रात्र होती. रिलीज एकदाचं संपवून घरी आलो होतो, जरा कुठे पाय पसरले, तेवढ्यात सांगलीहून मामांचा फोन.

"अरे, कीबोर्डच्या स्क्रीनवर चेंज बॅटरी असं येतंय. आत बारका बटणासारखा सेल असतो म्हणे. उद्या चौकातल्या रेडिओवाल्याकडून बदलून घेतो. गणपतीच्या तारखा आल्यात."

मी जवळजवळ किंचाळलोच. "मामा, हात लावू नका! मी उद्या येतो."

आता एका बटण सेलसाठी पुण्याहून सांगलीला कोण जातं, असं तुम्हाला वाटेल. बायकोलाही तेच वाटलं. पण त्या सेलवर काय टांगलेलं होतं ते आधी सांगतो.

मामा नोकरी सांभाळून तीसेक वर्षं ऑर्केस्ट्रात वाजवतायत. गणपती, नवरात्र, लग्नाच्या आदल्या रात्री, सगळीकडे. १९९६ साली त्यांनी मुंबईहून एक जुना जपानी कीबोर्ड सेकंडहँड आणला (कंपनीचं नाव नको, बिचारीचा काही दोष नाही). त्यात आयते आवाज होते ते बहुतेक विलायती. मग मामांनी रात्र रात्र बसून स्वतःचे आवाज घडवले. सनई, तुतारी, एकतारी, लग्नाच्या बँडमधला तो किंचित चिरका क्लॅरिनेट. हा क्लॅरिनेट त्यांच्या ऑर्केस्ट्रातल्या एका काकांचा. ते शेजारी बसून वाजवायचे आणि मामा बटणं दाबत तो आवाज यंत्रात जुळवायचे. काका २०११ साली गेले. सगळ्या आवाजांचे आकडे मामांनी एका वहीत लिहून ठेवले होते. २०१९ च्या ऑगस्टमधल्या पुरात कीबोर्ड वेळेवर माळ्यावर चढवला, वही मात्र खालच्या कपाटात राहिली.

म्हणजे हिशोब सरळ होता. तेवीस वर्षांच्या मेहनतीची एकमेव प्रत यंत्राच्या मेमरीत, आणि ती मेमरी एका तीन व्होल्टच्या सेलवर. सेल काढला की सगळं कोरं. माझ्या कंपनीत एखादा सर्व्हर असा चालवला तर मला दुसऱ्या दिवशी घरी बसवतील!

एसटीत बसल्यावर डोक्यात एकच प्रश्न. लाखो रुपयांची वाद्यं बनवणाऱ्या माणसांनी हे असं का करून ठेवलं? मग वाचत गेलो आणि लक्षात आलं की हा सेल म्हणजे मूर्खपणा नव्हता. एका मोठ्या डोकेदुखीवरचं ते औषध होतं.

सुरुवात मेलोट्रॉनपासून करू. १९६३ साली इंग्लंडात बर्मिंगहॅममध्ये हे वाद्य तयार झालं. प्रत्येक पट्टीखाली टेपचा एक तुकडा. पट्टी दाबली की खरोखरच्या व्हायोलिनचा किंवा बासरीचा रेकॉर्ड केलेला सूर वाजायचा, साधारण आठ सेकंद. मग टेप संपली. बोट उचललं की स्प्रिंग टेपला मागे ओढायची. १९७० साली आलेल्या एम-४०० मॉडेलला ३५ पट्ट्या होत्या, म्हणजे ३५ टेपा, ३५ ठिकाणी गुंता होण्याची सोय. दमट हवा, धूळ, गाडीतले धक्के, काहीही चालायचं नाही. स्टुडिओत हे वाद्य राजा, दौऱ्यावर मात्र रुसलेला जावई.

१९७० सालीच अमेरिकेत मिनीमूग आला. त्याआधीचा मूग म्हणजे कपाटाएवढा आणि वायरींचं जंगल. मिनीमूग काखोटीला मारून नेता यायचा. आपल्याकडे हिंदी चित्रपटसंगीतात तो आणण्याचं श्रेय केरसी लॉर्ड यांना दिलं जातं. पण या वाद्याचे दोन स्वभावदोष होते.

पहिला दोष तापमानाचा. यात सूर ठरतो तो व्होल्टेजवरून, आणि व्होल्टेजचं सुरात रूपांतर करणारं काम ट्रान्झिस्टर करतो. ट्रान्झिस्टरचा हा गुणधर्म तापमानाबरोबर बदलतो, एका अंशाला साधारण ०.३३ टक्के. आकडा किरकोळ वाटतो ना? पण काहीच भरपाई केली नाही, तर दहा अंशांच्या फरकाने एका सप्तकामागे ४० सेंटची चूक होते. शंभर सेंट म्हणजे हार्मोनियमच्या शेजारशेजारच्या दोन पट्ट्यांमधलं अंतर. संध्याकाळी सूर लावला, रात्री स्टेजवरचे दिवे तापले, की झालं... गायक एका गावात, वाद्य दुसऱ्या. म्हणून अशा सर्किटात तापमानाबरोबर उलटी भरपाई करणारे खास रेझिस्टर घालतात, आणि वादकही यंत्र आधी तापू द्यायचे, मग सूर लावायचे.

दुसरा दोष विसरभोळेपणाचा. मिनीमूगला स्मरणशक्तीच नव्हती. आवाज म्हणजे त्या क्षणी बटणं जिथे असतील ते. एका गाण्यातला आवाज पुढच्या गाण्यात बदलायचा तर अंधारात सगळी बटणं पुन्हा फिरवायची. त्यासाठी वादक छापील तक्ते ठेवायचे, त्यात प्रत्येक बटणाची जागा पेनाने खुणेने लिहायची. हे वाचलं आणि मामांची वही आठवली.

या दोन्ही रोगांवर एकदम उपाय काढला तो कॅलिफोर्नियातल्या डेव्ह स्मिथ यांनी. त्यांच्या सिक्वेन्शियल सर्किट्स कंपनीचा प्रॉफेट-५ १९७८ साली आला. आत झेड-८० मायक्रोप्रोसेसर. हा बुवा दोन कामं करायचा. ट्यून बटण दाबलं की प्रत्येक ऑसिलेटर मोजून त्याची चूक स्वतः सुधारायचा. आणि बटणांच्या जागा मेमरीत साठवायचा, ४० आवाज. एक बटण दाबा, नवा आवाज हजर. वादकांना केवढा आनंद झाला असेल!

पण त्या काळातली रॅम वीज गेली की सगळं विसरते. म्हणून तिच्याशेजारी एक बॅटरी बसवली. वाद्य बंद असताना ही रॅम इतकी कमी वीज खाते की छोटा लिथियम सेल तिला वर्षानुवर्षं जागं ठेवतो. हाच तो मामांच्या सेलचा पणजोबा.

(प्रॉफेट-५ लगेच भरवशाचा झाला असं मात्र नाही. पहिल्या आवृत्त्या नाजूक होत्या. १९८० साली तिसऱ्या आवृत्तीत आतल्या मुख्य चिप दुसऱ्या कंपनीच्या घेतल्या, तेव्हा कुठे गाडी रुळावर आली. व्हर्जन १.० वर प्रॉडक्शनमध्ये भरवसा ठेवू नये, हे तेव्हाही खरं होतं.)

पुढे औषधाचेच दुष्परिणाम दिसू लागले. १९८१ च्या कॉर्ग पॉलीसिक्समध्ये लिथियमऐवजी चार्ज होणारी निकेल-कॅडमियम बॅटरी होती. ती म्हातारी झाली की गळते, आणि तो क्षार बोर्डावरचं तांबं खातो. वाद्य कपाटात नुसतं पडून असलं तरी आतून पोखरलं जातं. १९८४ च्या रोलँड ज्युनो-१०६ ची कथा आणखी मजेदार. त्याच्या आवाजाच्या चिपवर संरक्षण म्हणून एपॉक्सीचं आवरण दिलं होतं, आणि कालांतराने तेच दगा देऊ लागलं. आज दुरुस्ती करणारे त्या चिप ॲसिटोनमध्ये बुडवून ते आवरण काढतात, की बऱ्याच चिप पुन्हा गाऊ लागतात. काळजीने घातलेला रेनकोटच अंगाशी आला म्हणा ना.

१९८३ साली मात्र दोन गोष्टी घडल्या आणि त्यांनीच मामांचे आवाज वाचवले. एक म्हणजे यामाहा डीएक्स-७. स्टॅनफर्डच्या जॉन चाउनिंग यांनी १९६७ साली शोधलेल्या एफएम पद्धतीवर तो चालायचा. आवाज आकड्यांतून तयार होत असल्यामुळे दिवे तापोत नाहीतर एसी लागो, सूर हलणार नाही. दुसरी म्हणजे मिडी. डेव्ह स्मिथ आणि रोलँडचे इकुतारो काकेहाशी यांनी पुढाकार घेऊन वेगवेगळ्या कंपन्यांच्या वाद्यांना एक भाषा दिली. १९८३ च्या जानेवारीत एका कंपनीचं वाद्य दुसऱ्या कंपनीच्या वाद्याला जोडून जाहीरपणे वाजवून दाखवलं. २०१३ साली दोघांना त्यासाठी तांत्रिक ग्रॅमी मिळालं. मिडीच्या पाच पिनांच्या वायरीतून सूर तर जातातच, पण वाद्याची अख्खी मेमरीही बाहेर काढता येते. डीएक्स-७ चे ३२ आवाज म्हणजे ४१०४ बाइट. मिडीचा वेग सेकंदाला ३१,२५० बिट. म्हणजे सव्वा सेकंदापेक्षा थोडा जास्त वेळ. बस्स!

शनिवारी दुपारी सांगलीत पोचलो. लॅपटॉप काढला, स्वस्तातली यूएसबी-मिडी केबल जोडली, मेमरी खेचली. फाइल आली. मामा खूश. मी मात्र सवयीने पुन्हा एकदा खेचली आणि दोन फाइलींचा आकार जुळेना! अशा स्वस्त केबली सूर नीट नेतात, पण लांबलचक डेटा आला की मधलेच बाइट गिळतात. पहिल्या फाइलवर विसंबून सेल काढला असता तर? नुसत्या विचाराने घाम फुटला. बॅकअप घेतला म्हणजे बॅकअप झाला असं नाही, तो तपासला की झाला, हे मी ज्युनिअर पोरांना दर महिन्याला ऐकवतो.

शेवटी मामांच्या ऑर्केस्ट्रातला ऑक्टोपॅडवाला पोरगा धावून आला. त्याच्याकडे चांगला ऑडिओ इंटरफेस होता, मिडी पोर्टवाला. त्यातून तीनदा खेचलं, तिन्ही फाइली बाइट टू बाइट सारख्या. आठ केबीसुद्धा नव्हत्या.

"एवढंच?" मामा म्हणाले. "तेवीस वर्षांचं एवढंच?"

काय बोलणार... माझ्या मोबाइलमधला चहाच्या कपाचा फोटो त्याच्या कित्येक पट मोठा होता.

संध्याकाळी चौकातल्या रेडिओवाल्याने जुना सेल डाग सोडवून काढला आणि पुढच्या वेळी नुसता सरकवता यावा म्हणून तिथे होल्डर बसवला. कीबोर्ड चालू केला तर स्क्रीनवर आवाजांच्या नावांच्या जागी नुसता कचरा. मामा एक शब्द बोलले नाहीत, पण चेहरा बघवत नव्हता. मेमरीचं कुलूप काढलं, फाइल उलटी पाठवली. अडीच सेकंद. मग मामांनी एकेक आवाज लावून बघायला सुरुवात केली. सनई आली. तुतारी आली. एका आवाजाचं नाव रोमन अक्षरांत नुसतं 'काका' होतं. तो लावून मामांनी चार सूर वाजवले आणि थांबले. मग म्हणाले, "आहे. चिरका आहे तसाच."

रात्री जेवताना मामांना मी काळजीची यादी सांगितली, तुम्हालाही सांगतो. सेल बदलल्याची तारीख चिठ्ठीवर लिहून कीबोर्डच्या पोटावर चिकटवा. मेमरीचा बॅकअप दोन ठिकाणी ठेवा, त्यातली एक जागा दुसऱ्या गावात. पट्ट्यांखाली रबर आणि कार्बनचे कॉन्टॅक्ट असतात, एखादी पट्टी मुकी झाली तर बहुतेक वेळा तिथे धूळ असते. जाणकाराकडून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्या, नवीन कीबोर्ड घ्यायला धावू नका. दुसऱ्याचा ॲडॅप्टर लावायच्या आधी व्होल्ट आणि प्लस-मायनस बघा. मांडवात जनरेटर चालू होताना आणि बंद होताना कीबोर्ड बंद ठेवा. पावसातून आणलेलं यंत्र लगेच चालू करू नका, आत ओल धरलेली असते, ती पूर्ण सुकेपर्यंत काही तास जाऊ द्या.

नव्या कीबोर्डांत फ्लॅश मेमरी असते, आवाज टिकवायला सेल लागत नाही. पण पेनड्राइव्ह हरवतात, फ्लॅशही कधीतरी मरते आणि क्लाउडचा पासवर्ड आपणच विसरतो. म्हणजे प्रश्न तोच, फक्त सेल दिसत नाही.

रविवारी निघताना बघितलं तर मामा टेबलाशी बसून एका नव्या कोऱ्या वहीत आकडे उतरवत होते. म्हटलं, "मामा, आता फाइल आहे की, माझ्याकडे आहे, तुमच्याकडे आहे."

"असू दे," ते म्हणाले. "ही माळ्यावर ठेवणार."