टाचण्यांच्या उशीतून जन्मलेले खेळणे

तान्ह्या बाळाला भेटीदाखल मऊ कापडी हत्ती वा अस्वल देण्याची रीत आज घरोघरी दिसते; परंतु ती फारशी जुनी नाही. घरी आजीने शिवलेली चिंध्यांची बाहुली पूर्वापार होतीच. मात्र एकोणिसाव्या शतकात युरोपच्या बाजारात मिळणारी बाहुली बहुधा चिनी मातीची वा लाकडाची असे. तिला जपावे लागे. कुशीत घेऊन निजावे अशी ती नव्हती. बाजारातल्या खेळण्याला हा मऊपणा ज्यांनी दिला, त्यांत जर्मनीतील मार्गारेटे श्टाइफ या स्त्रीचे नाव अग्रभागी आहे.

मार्गारेटे 1847 साली गिंगेन या लहानशा गावी जन्मली. दीड वर्षाची असताना तिला पोलिओ झाला. दोन्ही पाय कायमचे लुळे पडले, उजवा हातही अधू झाला. तरीही तिने हट्टाने शिवणकाम शिकून घेतले. शिवणयंत्राचे चाक उजव्या हाताने फिरवता येईना, तेव्हा यंत्रच उलटे फिरवून ठेवले आणि डाव्या हाताने काम साधले. 1877 साली तिने फेल्टच्या, म्हणजे लोकर दाबून केलेल्या जाड कापडाच्या वस्त्रांचे दुकान थाटले.

1879च्या अखेरीस एका मासिकात तिला छोट्या हत्तीचा नमुना आढळला. त्यावरून तिने सुया-टाचण्या टोचून ठेवण्यासाठी इवल्या उशा शिवल्या आणि आप्तेष्टांना भेट दिल्या. पण घरातल्या मुलांनी त्या उशा शिवणाच्या पेटीत राहू दिल्या नाहीत. त्यांनी हत्तीला आपला सवंगडी केले. उशीचे खेळणे झाले ते असे. 1886पर्यंत असे पाच हजारांवर हत्ती विकले गेले.

पुढे तिचा पुतण्या रिखार्ड याने प्राणिसंग्रहालयात बसून अस्वलांची रेखाटने केली व 1902 साली हातपाय हलणारे केसाळ अस्वल तयार केले. त्याच वर्षी अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी शिकारीत बांधून ठेवलेल्या अस्वलावर गोळी झाडण्यास नकार दिला. त्यावरील व्यंगचित्र गाजले आणि रूझवेल्टांच्या 'टेडी' या लाडक्या नावावरून कापडी अस्वल 'टेडी बेअर' झाले. 1903च्या लाइपझिग येथील जत्रेत एका अमेरिकन व्यापाऱ्याने रिखार्डची तीन हजार अस्वले मागवली. 1907 साली हा आकडा 9,74,000 वर पोहोचला.

वाचकहो, या आकड्यांमागचे हातही पाहावेत. त्या वर्षी कारखान्यात सुमारे 400 माणसे आणि आपापल्या घरी बसून शिवणारी 1,800 माणसे राबत होती. बारीक टाक्यांना भरपूर उजेड मिळावा म्हणून 1903 साली काचेच्या भिंतींची इमारत उभारली गेली. ती आजही गिंगेनमध्ये उभी आहे. 1909 साली मार्गारेटे निवर्तली.

जिला बालपणी अंगणात धावता आले नाही, तिच्या हातून जगभरच्या मुलांच्या उशाशी सोबती पोहोचला. त्या हत्तीचे खेळणे व्हावे असे मोठ्यांनी ठरवले नव्हते. ते मुलांनी ठरवले. दुकानात नवलाईच्या, दिमाखदार वस्तूंची रांग समोर असताना एवढे ध्यानी ठेवावे: भेट आपण निवडतो, तिचे खेळणे मात्र बालकच करते.