हेल्गे निस्सेन : संगीतिकेचा गायक, मूकपटाचा नट

ज्या कलेला आवाजच नव्हता, तिने गायकाला का पाचारण करावे? मूकपटाच्या इतिहासात हा प्रश्न अनेकदा उपस्थित होतो. डेन्मार्कमधील खर्जाच्या आवाजाचा गायक हेल्गे निस्सेन (१८७१–१९२६) ह्याच्या कारकिर्दीत त्याचे एक समाधानकारक उत्तर सापडते.

निस्सेनची जडणघडण कोपनहेगनच्या राजनाट्यगृहात झाली. तेथे नाटक, संगीतिका आणि नृत्यनाट्य ही तिन्ही एकाच संस्थेच्या आश्रयाखाली नांदत असल्यामुळे गायक आणि नट ह्यांच्यातील सीमारेषा फारशी कडक नव्हती. कार्ल नील्सनच्या ‘शौल आणि दावीद’ (१९०२) ह्या संगीतिकेच्या पहिल्या प्रयोगात निस्सेनने शमुवेल संदेष्ट्याची भूमिका केली. पुढे चारच वर्षांनी, त्याच संगीतकाराच्या ‘मास्केराडे’त (१९०६), तो हेन्रिक ह्या चतुर नोकराच्या रूपाने रंगभूमीवर आला. त्याच प्रयोगात वृद्ध येरोनिमसचे काम मुख्यतः नट म्हणून ख्यातनाम असलेल्या कार्ल मांत्सिउसकडे होते. राजाला शाप देणारा संदेष्टा आणि धन्याच्या प्रेमप्रकरणात साहाय्य करणारा सेवक ह्या दोन टोकांच्या भूमिका केवळ कंठाच्या बळावर पेलणाऱ्या नव्हेत. त्यांना देहबोलीची तितकीच गरज होती.

ह्या तयारीचा खरा कस लागला तो कार्ल थिओडोर ड्रायरच्या ‘सैतानाच्या ग्रंथातील पाने’ ह्या मूकपटात. नॉर्डिस्क कंपनीच्या ह्या चित्रपटाचे चित्रण १९१९ मध्ये झाले आणि १९२१ च्या जानेवारीत तो कोपनहेगनमध्ये झळकला. येशूचा काळ, स्पेनमधील धर्मन्यायपीठ, फ्रेंच राज्यक्रांती आणि १९१८ चे फिनलंड अशा चार कालखंडांत वेषांतर करून वावरणारा सैतान निस्सेनने उभा केला. हा सैतान दुष्टपणाचा आनंद लुटणारा नव्हे. मोहाला बळी पडणाऱ्या प्रत्येक जीवामागे त्याची शिक्षा शंभर वर्षांनी वाढते आणि मोह झिडकारणाऱ्यामागे हजार वर्षांनी घटते. म्हणून मोह घालीत असतानाच आपला पराभव व्हावा, अशी त्याची इच्छा असते. हे द्वंद्व शब्दांवाचून, केवळ मुद्रेने आणि स्तब्धतेने प्रकट करावयाचे होते. गीताच्या दीर्घ ओळी चालू असता एकाच भावावस्थेत स्थिर राहण्याची संगीतिकेतील सवय येथे उपयोगी पडली असावी, असे मानण्यास जागा आहे. ह्याच चित्रपटात मारी आंत्वानेतची भूमिका तेना क्राफ्ट ह्या गायिकेने केली, ही गोष्टही लक्षात घेण्यासारखी आहे.

निस्सेनचे निधन १९२६ मध्ये झाले. त्याच्या दुसऱ्याच वर्षी अमेरिकेत ‘द जाझ सिंगर’ प्रदर्शित होऊन बोलपटाच्या युगाची चाहूल लागली. परिणामी त्याच्या कलेचा पुरावा दुभंगलेला आहे. ध्वनिमुद्रिकांत देहावाचून आवाज उरला, तर चित्रपटात आवाजावाचून देह. संगीताच्या इतिहासकाराने केवळ तबकडी ऐकावी आणि चित्रपटाच्या इतिहासकाराने केवळ पडदा पाहावा, तर दोघांच्याही हाती अर्धाच कलावंत लागेल. शमुवेल आणि सैतान ह्या भूमिका एकाच शिस्तीतून जन्मल्या, हे ध्यानी घेतल्यावाचून त्या काळातील संगीतिका व मूकपट ह्यांचे नाते उलगडणार नाही.