फोर्ज मिल, रेडिच

फोर्ज मिल ही इंग्लंडमधील वुस्टरशर परगण्यातील रेडिच या शहरातील सुया घासण्याची ऐतिहासिक पाणगिरणी आहे. १९५८ पर्यंत ती चालू होती. सध्या तेथे सुई उद्योगाचे संग्रहालय आहे. व्हिक्टोरिया राणीच्या काळात (१८३७–१९०१) रेडिच हे जगातील सुई उत्पादनाचे सर्वांत मोठे केंद्र होते. त्या काळी जगातील सुमारे ९० टक्के सुया या शहरात व परिसरात बनत, असे सांगितले जाते.

इतिहास

गिरणीच्या शेजारी बोर्डस्ली मठाचे अवशेष आहेत. बाराव्या शतकात स्थापन झालेला हा सिस्टर्शियन पंथाचा मठ आठव्या हेन्रीच्या कारकिर्दीत, १५३८ मध्ये बंद करण्यात आला. मठाच्या आवारातील उत्खननात पाण्याच्या शक्तीवर चालणाऱ्या मध्ययुगीन धातुकाम शाळेचे अवशेष सापडले आहेत. फोर्ज मिल ही मूळची लोखंड घडविण्याची भट्टी होती, हे तिच्या नावावरूनच दिसते. १७३० च्या सुमारास तिचे रूपांतर सुया घासण्याच्या गिरणीत झाले.

सुईची निर्मितीप्रक्रिया

एका सुईवर अनेक कारागिरांचे हात फिरत. पोलादी तारेचे दोन सुयांच्या लांबीचे तुकडे कापून ते सरळ करीत आणि त्यांच्या दोन्ही टोकांना शाणाच्या दगडावर धार लावीत. मग मध्यभागी ठसा उमटवून दोन नेढी पाडीत व तुकडा मधोमध मोडीत. नेढी पाडण्याच्या कामावर बहुधा स्त्रिया असत. पुढे सुया लाल होईपर्यंत तापवून तेलात बुडवीत आणि ठिसूळपणा घालविण्यासाठी पुन्हा मंद आचेवर तापवीत. या क्रियेत त्या काळ्या पडत. त्यांना चकाकी आणण्याचे शेवटचे काम फोर्ज मिलसारख्या गिरण्यांत होई.

वास्तुरचना

लाल विटांच्या या इमारतीची रचना घासकामाच्या गरजेनुसार झालेली आहे. तलावातून येणाऱ्या पाण्याने जलचक्र फिरे. त्याच्या गतीवर लाकडी घासयंत्रे मागेपुढे सरकत. हजारो सुया, मऊ साबण आणि कुरुंदाची भुकटी जाड कापडात गुंडाळून वळकट्या बांधीत व त्या यंत्राखाली लाटीत. वळकटी सोडून, सुया धुऊन, नवी भुकटी घालून हीच क्रिया कित्येक दिवस चाले. शेवटी सुया धुऊन लाकडाच्या भुशात कोरड्या करीत. हे जलचक्र व घासयंत्रे मूळ जागी टिकून राहिल्याने ही वास्तू औद्योगिक इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाची ठरते.

कामगारांचे आरोग्य

या उद्योगातील सर्वांत घातक काम धार लावण्याचे होते. ते फोर्ज मिलमध्ये नव्हे, तर अन्य कार्यशाळांत होत असे. कोरड्या दगडावर घासताना उडणारी दगडाची व पोलादाची धूळ फुफ्फुसांत जाई आणि अनेक कारागिरांचे आयुष्य चाळिशीपूर्वीच संपे. या धोक्यामुळे त्यांना इतरांपेक्षा अधिक मजुरी मिळे. १८२० च्या दशकात शेफिल्ड येथील एका शोधकाने पोलादाची धूळ खेचून घेणारे चुंबकी साधन तयार केले. परंतु धोका कमी झाल्यास मजुरीही घटेल या भीतीने कारागिरांनी ते नाकारले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर धूळ ओढून घेणारे पंखे व पुढे धार लावणारी यंत्रे आल्यावर परिस्थिती सुधारत गेली.

संग्रहालय व वारसा

गिरणीच्या जीर्णोद्धारानंतर १९८३ मध्ये राणी एलिझाबेथ द्वितीय यांच्या हस्ते संग्रहालयाचे उद्घाटन झाले. ही इमारत संरक्षित वास्तूंच्या यादीत समाविष्ट आहे. रेडिचच्या सुई उद्योगातून मासेमारीचे गळ, सायकली असे अन्य उद्योगही वाढले. भारतात परिचित असलेल्या रॉयल एनफिल्ड मोटारसायकलीचे मूळही रेडिचजवळील हंट एंड येथील टाउनसेंड यांच्या सुई कारखान्यापर्यंत जाते.