उघडीप: पाऊस, मधमाशी आणि डोंगरावरची फुलं

शृंगऋषींच्या अनसिंगमध्ये पावसावर बोलायला वेगळं निमित्त शोधावं लागत नाही. आज मात्र आपण पावसाकडे मधमाशीच्या बाजूने बघणार आहोत. त्यासाठी आधी सह्याद्रीच्या माथ्यावर जावं लागेल. वाटेत थोडं जर्मनीतही डोकावू, आणि मग आपल्या बांधावर परत येऊ.

प्रश्न साधा आहे. डोंगरावर फूल येतं ते पावसामुळे. पण तोच पाऊस फुलाकडे येणाऱ्या किड्याला पोळ्यात कोंडून ठेवतो. पंख भिजलेली माशी उडत नाही. फुलातला मकरंद पाण्याने पातळ होतो, आणि पुष्कळ झाडांचे परागकण ओले झाले की फुटून वाया जातात. मग तिथे बी धरतं कसं?

गंमत अशी, की परागीभवनाच्या शास्त्राची सुरुवातच पावसाच्या थेंबापासून झाली. बर्लिनजवळच्या श्पांडाऊ गावात क्रिस्टियान कोनराड श्प्रेंगेल नावाचे एक मुख्याध्यापक होते. १७८७ च्या उन्हाळ्यात ते जिरेनियमचं एक रानफूल न्याहाळत होते. पाकळीच्या बुडाशी त्यांना बारीक लव दिसली. ही लव कशासाठी? त्यांचं उत्तर असं, की तिच्याखाली मकरंद आहे आणि पावसाचा थेंब तिथे पोचू नये म्हणून ती आहे. कपाळावरचा घाम डोळ्यांत जाऊ नये म्हणून भुवया असतात, तशी. पण मकरंद एवढा जपायचा तो कुणासाठी? किड्यासाठी. या एका धाग्यावरून ते पुढे गेले आणि १७९३ साली शेकडो फुलांवरचा ग्रंथ छापला. लोकांनी तो फारसा मनावर घेतला नाही. दुसऱ्याच वर्षी त्यांची नोकरीही गेली. पुढे १८४१ मध्ये रॉबर्ट ब्राउन यांच्या सांगण्यावरून डार्विननी तो वाचला, तेव्हा कुठे त्याची किंमत कळली. अठ्ठेचाळीस वर्षं! चांगल्या पुस्तकाला एवढी वाट बघावी लागते, हे आपल्याला नवीन नाही म्हणा.

डोंगरावरच्या फुलांचा स्वतंत्र विचार केला तो हेर्मान म्युलर यांनी. आल्प्स पर्वतातली फुलं आणि त्यांवर येणारे किडे यांवरचा त्यांचा ग्रंथ १८८१ चा. जसजसं वर जावं तसतशा मधमाश्या कमी आणि फुलपाखरांचा वाटा मोठा, असं त्यांना दिसलं. तिथे अडचण थंडीची. बर्फ वितळला की उन्हाळ्याचे थोडे आठवडे मिळतात, त्यात सगळं उरकायचं.

आपल्या सह्याद्रीत हे गणित उलटं बसतं. इथे अडचण ओलाव्याची आहे, आणि ओलावा संपण्याचीही. साताऱ्याजवळचं कास पठार घ्या. उंची साधारण बाराशे मीटर, खाली जांभा खडक आणि वर मातीचा पातळ थर. आपल्या काळ्या रानासारखी ओल धरून ठेवणारी जमीन तिथे नाही. पाऊस गेला की काही आठवड्यांत खडक कोरडा पडतो. म्हणजे झाडाला थांबायला वेळच नाही. पाऊस ओसरायला लागला की ऑगस्ट-सप्टेंबरात तेरडा, सोनकी, गेंद, सीतेची आसवं, सगळी मंडळी एकदम फुलायला लागतात. २०१२ साली पश्चिम घाटाला जागतिक वारशाचा मान मिळाला, त्यात कासही आलं. तेव्हापासून गर्दी वाढली. लोक रंग बघायला जातात. पण त्या रंगाचं खरं काम दोन सरींमधल्या उघडिपीत चालतं. तास-दोन तास ऊन पडलं की पठार गुणगुणायला लागतं, धुकं उतरलं की गप्प.

उघडीप मिळालीच नाही तर? काही वनस्पतींनी त्याचीही सोय केली आहे. उदाहरण आपल्याच शेतात आहे. सोयाबीनमध्ये माजणारा केना सगळ्यांच्या ओळखीचा. त्याची निळी फुलं वर दिसतात, पण जमिनीखालीही त्याला फुलं येतात. ती कधी उघडत नाहीत. आतल्या आत स्वतःचेच पराग घेऊन बी तयार करतात. ना किडा लागतो ना ऊन. निंदण करून केना का संपत नाही, त्याचं एक कारण हे.

आता कारवीकडे येऊ. ही मात्र असली पळवाट काढत नाही. घाटात राहणाऱ्यांना कारवी माहीत आहे ती घराच्या कुडासाठी. तिच्या काठ्या उभ्या करायच्या आणि वरून शेणमातीने लिंपायचं. ही झुडपं वर्षानुवर्षं नुसती हिरवी राहतात आणि मग एका पावसाळ्यात अख्खा डोंगर जांभळा होतो. कुणी सात वर्षं म्हणतं, कुणी आठ. मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानातले बहर २०००, २००८, २०१६ आणि २०२४ असे आले. खंडाळ्याच्या वनस्पतींवर काम करणारे फादर सांतापाव यांनीही या सामुदायिक बहराची दखल घेतली होती. एकदा फुललं, बी धरलं, की झाड मरतं. सुकलेली बोंडं फांदीवरच राहतात आणि पुढच्या मोसमाचा ओलावा लागला की तडतडत फुटतात.

म्हणजे बघा, आयुष्यात एकच हंगाम, आणि तोही पावसाळ्याच्या शेपटाला! झाडाने एवढी जोखीम का घ्यावी? एक कारण असं मानलं जातं, की इतकं बी एकदम पडलं की खाणाऱ्यांनी खाऊनही उरतं. आणि एवढा मकरंद एका जागी असला की मधमाश्या लोटतात. आम्हाला यात आणखी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. कारवीची फुलं एका दिवसात उमलून संपत नाहीत, बहर कित्येक आठवडे चालतो. सगळे दिवस पावसात गेले असं सहसा होत नाही. थोडी तरी उघडीप पदरात पडतेच.

हा हिशेब माणसाला नीट कळला तो मधाच्या पेटीमुळे. पूर्वी मध काढायचा म्हणजे धूर करून पोळं कापायचं, पिळायचं आणि मोकळं व्हायचं. पोळ्याचं वर्षभर काय होतं ते बघायला कोण थांबणार? महाबळेश्वर परिसरात १९४६ पासून ग्रामोद्योगाच्या कामातून सातेरी माशी पेटीत पाळायला सुरुवात झाली. पुण्याची केंद्रीय मधमाशी संशोधन संस्था १९६२ ची. पेटीचं झाकण उघडून कुठल्या महिन्यात मध वाढतो आणि कुठल्या महिन्यात आटतो, हे मधपाळाला दिसू लागलं. बाहेरच्या माणसाला वाटतं, पावसाळा म्हणजे हिरवळ, म्हणजे माशीची चंगळ. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. त्या धारेत माशीचा उपास असतो, आणि मधपाळाला साखरेचा पाक ठेवून वसाहत जगवावी लागते. मोठा मध मिळतो तो जांभूळ, हिरडा, गेळा यांच्या फुलोऱ्यावर, पावसाआधीच्या महिन्यांत. कारवीचं वर्ष आलं तर पावसाळ्यानंतर वरकड. मात्र हवा दमट असली तर माशीला मकरंदातलं पाणी उडवता येत नाही. असा पातळ मध घाईने काढला तर आंबतो. एप्रिल-मेमध्ये अवकाळी पाऊस झाला की फुलोरा झडतो आणि मधपाळाचं वर्ष बसतं. याच भागातलं मांघर २०२२ साली मधाचं गाव म्हणून जाहीर झालं. त्या गावाचं उत्पन्नही अखेर आभाळाकडे बघूनच ठरतं.

आता अनसिंगकडे. आपल्याकडे पाऊस महाबळेश्वरच्या सहाव्या-सातव्या हिश्शाएवढा. तेव्हा माशीची अडचण पावसाळ्यात तेवढी नाही, ती पुढे येते. करडी, जवस, तीळ, कारळं ही पिकं शिवारात असताना एकामागून एक फुलोरा चालू असायचा. सोयाबीन आलं आणि ती मागे पडली. सोयाबीनचं फूल बहुतांशी स्वतःच्याच परागावर धरतं. माशीची आपल्याला आठवण राहिली नाही ती त्यामुळेही.

आठवण होते कांद्याचं बियाणं धरणाऱ्याला. आपल्या वाशीम-बुलढाणा पट्ट्यात हे पीक घेणारे आहेत. कांद्याच्या फुलात पराग आधी गळतो आणि स्त्रीकेसर नंतर तयार होतो. त्यामुळे एका फुलाचा पराग दुसऱ्यावर नेणारं कुणीतरी हवंच. फेब्रुवारी-मार्चमध्ये गोंडे उमलतात. नेमकं तेव्हा आभाळ भरून आलं की माशी येत नाही, आणि आभाळ आलं म्हणून रोगाच्या भीतीने आपण फवारा मारतो. ऊन पडून माशी परत येते तेव्हा गोंड्यावर औषध असतं. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट विदर्भ-मराठवाडा विसरलेला नाही. तिच्यापुढे कुणाचं काही चालत नाही. पण ढगाळ दिवसांनंतरची पहिली स्वच्छ सकाळ आपल्या हातात असते. त्या सकाळी पंप घरी ठेवायचा. फवारणी टाळता येतच नसेल तर ती संध्याकाळी, माश्या परतल्यावर करायची. त्या एका उघडिपीत गोंड्यावर किती माश्या बसल्या, यावर मळणीच्या वेळी बी किती निघणार ते बरंचसं ठरलेलं असतं.